सिमअर्थ: अख्खा ग्रह चालवायचा गेम आतून चालतो तरी कसा

1990 साली अमेरिकेतल्या मॅक्सिस कंपनीने सिमअर्थ नावाचा गेम काढला. आदल्याच वर्षी त्यांचा सिमसिटी आला होता, शहर वसवा, रस्ते टाका, वीज द्या, टॅक्स गोळा करा, आणि तो इतका चालला की आता पुढे काय असा प्रश्न आलाच. विल राइट आणि फ्रेड हॅस्लम यांनी थेट अख्खा ग्रहच हातात घेतला. म्हणजे सुरुवात तापलेल्या दगडाच्या गोळ्यापासून, मग समुद्र, मग एकपेशीय जीव, मग मासे, डायनासोर, मग कुठलातरी हुशार प्राणी, त्याची शहरं, कारखाने, अणुभट्ट्या, आणि शेवटी ते सगळे ग्रह सोडून अवकाशात निघून जातात इथपर्यंत.

ऐकायला भारी वाटतं, पण गेम उघडून थोड्या वेळात बंद करणारेच जास्त. कारण काय चाललंय तेच कळत नाही. सोबतचं मॅन्युअल दोनशेहून जास्त पानांचं, त्यात भूगर्भशास्त्र, हवामान, उत्क्रांती असं सगळं भरलेलं. मारायला शत्रू नाही, सोडवायला कोडं नाही, एक नकाशा आहे आणि ढीगभर खिडक्या आहेत ज्यात आकडे हलत असतात. तुम्ही एक बटण दाबता, काहीच होत नाही, दुसरं दाबता, तरी काही नाही, आणि मग अचानक अख्खा ग्रह बर्फाने पांढरा होतो. माझं म्हणणं असं आहे की हा गेम समजून घ्यायचा असेल तर बटणं पाठ करण्याऐवजी त्यामागची एक कल्पना आधी समजून घ्यायला हवी, ती समजली की सगळे आकडे एकमेकांशी बोलायला लागतात. आणि ती कल्पना गेमपुरती नाही, आपण ज्या ग्रहावर राहतो त्याच्याबद्दलचीच आहे.

कल्पना जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाची. 1960 च्या दशकात ते नासासाठी कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करत होते आणि प्रश्न होता की मंगळावर जीवसृष्टी आहे का हे ओळखायचं कसं. बाकीचे लोक माती तपासणारी यंत्रं बनवायच्या मागे होते. लव्हलॉक म्हणाले तिकडे जायची गरजच काय, हवा बघा ना. पृथ्वीच्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे आणि त्याच हवेत थोडासा मिथेनही आहे. हे दोन वायू एकत्र फार काळ टिकत नाहीत, एकमेकांशी रिअॅक्शन होऊन संपतात. तरी ते दोन्ही आहेत म्हणजे कोणीतरी सतत नवे बनवतंय, आणि ते कोणीतरी म्हणजे झाडं, शेवाळं, बॅक्टेरिया. उलट मंगळाच्या हवेत 95 टक्के कार्बन डायऑक्साइड, शुक्रावर 96 टक्क्यांच्या वर, दोन्हीकडे जी काही रिअॅक्शन व्हायची ती होऊन गेलेली, सगळं थंडावलेलं. म्हणजे हवा बघून सांगता येतं की इथे कोणी जगतंय की नाही.

यातून पुढचा विचार आला तो जास्त धाडसी होता. जीव हवा बदलतात, हवा तापमान बदलते, आणि तापमानावर जिवांचं जगणं ठरतं, मग हे सगळं मिळून एकच यंत्रणा का म्हणू नये जी स्वतःला जगण्यालायक ठेवते? हीच गाया कल्पना. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बाईंनी ती त्यांच्यासोबत पुढे नेली, सूक्ष्मजीवांची बाजू मुख्यतः त्यांचीच. सिमअर्थ बनवताना राइट यांनी लव्हलॉक यांचा सल्ला घेतला होता आणि मॅन्युअलमध्ये लव्हलॉक यांनी लिहिलंही आहे. एवढा मोठा शास्त्रज्ञ एका गेमसाठी इतका मनापासून उभा राहिला याचं मला फार कौतुक वाटतं. 2022 च्या जुलैमध्ये, आपल्या 103 व्या वाढदिवसाच्या दिवशीच ते गेले.

पण ही कल्पना सगळ्यांना पटली असं अजिबात नाही. जीवशास्त्रज्ञांनी तर चांगलंच झोडपलं. फोर्ड डूलिटल, रिचर्ड डॉकिन्स अशांचा आक्षेप साधा आणि रास्त होता, शेवाळाला काय माहीत की पृथ्वीचं तापमान किती असायला हवं? त्यांची काय मीटिंग होते का? नैसर्गिक निवड तर प्रत्येक जिवाचा स्वतःचा फायदा बघते, मग ग्रहाची काळजी घ्यायची बुद्धी आली कुठून? या आक्षेपाला उत्तर म्हणून 1983 मध्ये लव्हलॉक आणि अँड्र्यू वॉटसन यांनी डेझीवर्ल्ड नावाचं एक छोटं मॉडेल मांडलं. सिमअर्थमध्ये हे डेझीवर्ल्ड एक वेगळा सिनॅरिओ, म्हणजे आधीच मांडून दिलेला खेळ, म्हणून आहे आणि माझ्या मते गेमची खरी किल्ली तीच, म्हणून इथे जरा वेळ थांबू.

एक करडा, ओसाड ग्रह समजा. त्यावर फक्त डेझीची फुलं उगवतात, दोन रंगांची, काळी आणि पांढरी. दोघींना 5 अंशाच्या खाली आणि 40 अंशाच्या वर जगता येत नाही, 22.5 अंशाला सगळ्यात छान वाढतात. करडी जमीन अर्धा सूर्यप्रकाश परत फेकते, पांढरी फुलं 75 टक्के परत फेकतात, काळी फक्त 25 टक्के, बाकीचा शोषून घेतात. आणि या ग्रहाचा सूर्य हळूहळू प्रखर होत जातो. बस, एवढंच मॉडेल.

आता चालू करा. सुरुवातीला सूर्य मंद, ग्रह गार, काहीच उगवत नाही. जरा गरम झालं की जिथे कसंबसं 5 अंश झालंय तिथे दोन्ही फुलं उगवायला बघतात, पण पांढरं फूल आलेला प्रकाश परत पाठवून स्वतःच गारठतं आणि मरतं. काळं फूल प्रकाश शोषून आपल्या आजूबाजूची जागा गरम करतं, त्यामुळे आणखी काळी फुलं उगवतात, त्यांनी आणखी गरम होतं, असं करत बघता बघता ग्रहाचा मोठा भाग काळा होतो आणि तापमान झरझर वर चढतं. मग सूर्य आणखी तापतो. आता काळ्या फुलांनाच उकडायला लागतं, पांढऱ्यांना बरं वाटतं कारण त्या स्वतःला गार ठेवतात, त्या पसरतात, ग्रह जास्त प्रकाश परत फेकायला लागतो. आणि इथे गंमत अशी की सूर्य वाढतच चाललाय पण ग्रहाचं तापमान जवळजवळ तिथल्या तिथे, उलट किंचित खाली येतं. कोणी ठरवलेलं नाही, कोणाला ग्रहाची काळजी नाही, प्रत्येक फूल आपापलं बघतंय, तरी थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप सांभाळणारी यंत्रणा, तयार झाला.

डेझीवर्ल्डचा शेवट मात्र नीट बघा, बरेच लोक तो भाग सांगत नाहीत. पांढऱ्या फुलांनी जमीन व्यापली की पुढे त्यांच्याकडे दुसरा उपायच उरत नाही. सूर्य अजून थोडा वाढतो, फुलं मरायला लागतात, फुलं कमी झाली की ग्रह जास्त तापतो, जास्त तापला की आणखी फुलं मरतात, आणि थोडक्या काळात सगळं संपतं. हळूहळू नाही, एकदम. तोपर्यंत थर्मामीटर बघणाऱ्याला वाटत असतं की सगळं आलबेल आहे. आणि मग सूर्य थोडा कमी केला तर फुलं लगेच परत येतात का? नाही येत. सूर्य बराच खाली आणावा लागतो, कारण आता ग्रह उघडा आहे, सावरायला फुलंच नाहीत. जायचा रस्ता आणि यायचा रस्ता एक नसतो. सिमअर्थमधला प्रत्येक मोठा अपघात असाच होतो आणि म्हणूनच खेळणाऱ्याला वाटतं की आपण काही केलं नाही तरी झालं.

आता गेमच्या पोटात जाऊ. सगळ्या ग्रहाचा नकाशा 128 बाय 64 चौकोनांचा आहे, म्हणजे 8,192 चौकोन. पृथ्वीचा हिशोब लावला तर विषुववृत्तावर एक चौकोन साधारण 300 किलोमीटर रुंद. प्रत्येक चौकोनाची उंची, तापमान, पाऊस, तिथे वाळवंट आहे की जंगल की दलदल, कुठला प्राणी राहतो हे वेगवेगळं ठेवलेलं असतं आणि शेजारच्या चौकोनांशी देवाणघेवाण चालू असते. 1990 च्या घरगुती कंप्युटरवर हे चालायचं हे आजही मला थक्क करतं. आजची हवामानाची मॉडेलं यापेक्षा प्रचंड बारीक असतात, हवेचे आणि समुद्राचे कितीतरी थर मोजतात, सुपरकंप्युटर लागतो त्यांना, पण चौकोन पाडून शेजाऱ्याशी हिशोब करायचा ही रीत तीच.

या चौकोनांवर चार विभागांचं राज्य असतं, जमीन, हवा, जीव आणि संस्कृती, आणि प्रत्येकाचं एक कंट्रोल पॅनेल, त्यात खालीवर करायचे स्लायडर. जमिनीच्या पॅनेलमध्ये ज्वालामुखी किती, झीज किती, खंड किती वेगाने सरकतात, उल्का किती पडतात. हवेच्या पॅनेलमध्ये सूर्याची उष्णता, ढग, ग्रीनहाऊस परिणाम, पाऊस. जिवांच्या पॅनेलमध्ये ते किती गरमी थंडी सोसतात, किती वेगाने वाढतात, किती वेगाने बदलतात, कार्बन डायऑक्साइड किती शोषतात. नवीन माणूस इथेच फसतो, कारण त्याला वाटतं एक स्लायडर म्हणजे एक गोष्ट. तसं नसतं. ज्वालामुखी वाढवलेत की नवीन जमीन मिळते, पण धुळीने सूर्य झाकला जातो म्हणून आधी थंडी पडते, आणि त्याच ज्वालामुखीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने नंतर गरमी वाढते. एकाच स्लायडरचे दोन उलटे परिणाम, वेगवेगळ्या वेळी.

ज्वालामुखीचं हे प्रकरण महाराष्ट्रातल्या माणसाने वेगळं समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण आपण त्याच्यावरच उभे आहोत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे दख्खनच्या पठाराचा, लाव्हा थरावर थर साचत गेला, आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या त्याच थरांच्या. डायनासोर संपले तेही याच सुमारास, मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला पडलेली उल्का हे मुख्य कारण मानतात, पण आपल्या लाव्ह्याने हवा किती बिघडवली होती यावर वाद अजून चालू आहे. सिमअर्थमध्ये उल्का आणि ज्वालामुखी हे दोन्ही तुम्ही मुद्दाम घडवू शकता, दोन्ही एकामागोमाग करून बघा, प्राण्यांचा ग्राफ कसा कोसळतो ते दिसेल.

आणि लाव्ह्याच्या याच काळ्या दगडात, बेसॉल्टमध्ये, ग्रहाचा खरा थर्मोस्टॅट आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं, ते दगडावर पडून दगड झिजवतं, झिजलेलं सगळं नदीतून समुद्रात जातं आणि तिथे शेवटी चुनखडी होऊन तळाशी बसतं. म्हणजे हवेतला कार्बन दगडात बंद झाला. ग्रह गरम झाला की पाऊस वाढतो, झीज वाढते, कार्बन जास्त वेगाने बंद होतो, ग्रह गार होतो. गार झाला की झीज मंदावते, ज्वालामुखी मात्र कार्बन सोडतच असतात, तो साचतो, ग्रह परत गरम होतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट उबदार ओल्या हवेत फार भराभर झिजतो त्यामुळे या कामात तो पुढेच. हा थर्मोस्टॅट उत्तम आहे पण त्याला लाखो वर्षं लागतात. चहात साखर विरघळायच्या आतच घोट घेऊन अजून दोन चमचे टाकावेत तसं सिमअर्थमध्ये आपण करतो, ग्रह गार वाटला की ज्वालामुखी वाढवतो, फरक दिसत नाही म्हणून अजून वाढवतो, आणि पहिल्या वेळचा परिणाम यायला लागतो तेव्हा सगळ्यांचा एकदम येतो.

एक उदाहरण जवळून बघू, कारण हे जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत होतं. समुद्र तयार झालेत, त्यात साधे एकपेशीय जीव आलेत, तुम्हाला घाई आहे की प्राणी कधी येणार. प्राण्यांना ऑक्सिजन लागतो हे माहीत आहे. गेममध्ये ऑक्सिजनेटर नावाचं यंत्र मिळतं, ते नकाशावर ठेवलं की ऑक्सिजन बनतो. तुम्ही एक ठेवता, ग्राफ हलत नाही, म्हणून अजून चार ठेवता, शिवाय जिवांच्या पॅनेलमध्ये कार्बन डायऑक्साइड शोषणं वाढवून ठेवता. ऑक्सिजन मस्त चढतो. पण त्याच ग्राफच्या खिडकीत दुसरी रेघ खाली चाललेली असते, कार्बन डायऑक्साइडची, तिच्याकडे लक्ष नसतं. ग्रहाचं उष्णता धरून ठेवणारं पांघरूण पातळ होतं. ध्रुवांकडे बर्फ वाढतो. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, समुद्राचं पाणी जेमतेम 6 टक्के, म्हणून जितका बर्फ तितकी थंडी आणि जितकी थंडी तितका बर्फ. हे चक्र एकदा धरलं की यंत्रं काढून काही होत नाही, बर्फ विषुववृत्ताकडे सरकत येतो.

खऱ्या पृथ्वीवर असं झालंय. साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जिवांनी, बनवलेला ऑक्सिजन हवेत साचायला लागला आणि तेव्हाच्या जिवांसाठी तो विषच होता. त्या वेळी हवेत मिथेनचं पांघरूण असावं आणि ऑक्सिजनने ते खाऊन टाकलं म्हणून मोठं हिमयुग आलं असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. नंतर, 72 कोटी ते 63.5 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात दोनदा बर्फ जवळजवळ विषुववृत्तापर्यंत आला होता. मग सुटका कशी झाली? त्याच थर्मोस्टॅटने. दगड बर्फाखाली गेले, पाऊस थांबला, झीज थांबली, पण ज्वालामुखींचं काम चालूच होतं, कार्बन डायऑक्साइड काढून घेणारं कोणी उरलं नाही म्हणून तो साचत साचत इतका झाला की बर्फ वितळला. सिमअर्थमध्ये तुमचा ग्रह गोठला तर हेच करा, ज्वालामुखी चालू ठेवा आणि हात बांधून बसा. घाई करू नका एवढंच.

जास्त ऑक्सिजनही बरा नाही हे जाता जाता. 30 कोटी वर्षांपूर्वी, ज्यांचा पुढे कोळसा झाला ती जंगलं होती तेव्हा, ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या आसपास असावा असा अंदाज आहे, तेव्हा पंख पसरले की जवळपास 70 सेंटीमीटर भरणारे चतुरासारखे किडे उडायचे, पण तेवढ्या ऑक्सिजनमध्ये ओलं जंगलही पेट घेतं.

गेममधला वेळ चार टप्प्यांत जातो आणि प्रत्येक टप्प्यात घड्याळाचा वेग वेगळा. पहिला भूगर्भाचा, त्यात लाखो वर्षं सर्रकन जातात. बहुपेशीय जीव आले की दुसरा, उत्क्रांतीचा. कोणीतरी हुशार झालं की तिसरा, संस्कृतीचा. कारखाने आले की चौथा, तंत्रज्ञानाचा, तिथे वेळ अगदी संथ, वर्षावर्षाने. ग्रहाचं एकूण आयुष्य 1,000 कोटी वर्षं धरलेलं आहे. आपला सूर्यही साधारण तेवढाच काळ नीट जळणार आहे, पैकी 460 कोटी वर्षं झाली. सूर्य हळूहळू तापतोय हे डेझीवर्ल्डपुरतं नाही बरं का, पृथ्वी नवीन होती तेव्हा आपला सूर्य आजच्या 70 टक्केच प्रकाश द्यायचा. तरीही तेव्हा इथे वाहतं पाणी होतं. 1972 मध्ये कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलेन या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न नीट मांडला आणि त्याची उत्तरं शोधणं अजून चालू आहे.

उत्क्रांतीचा भाग मुलांना सगळ्यात आवडतो, कारण इथे हुशार होण्याचा मान सस्तन प्राण्यांनाच मिळेल असं काही नाही. मासे, पक्षी, डायनासोर, गोगलगायीच्या जातीतले मृदुकाय प्राणी, कीटक, कोणीही शहरं बांधू शकतं. चालत्या फिरत्या मांसाहारी वनस्पतीही आहेत, त्यांना खायला भरपूर कीटक लागतात. ट्रायकॉर्डेट नावाचा तीन बाजूंचा एक प्राणीवर्गही आहे, तो आज पृथ्वीवर नाही, पण 55 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात ट्रायब्रॅकिडियम नावाचे तीन बाजू सारख्या असलेले जीव खरंच होते. तसे जीव टिकले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न गेम तुमच्या हातात देतो आणि हे मला फार आवडतं. पण इथे एक गोष्ट चुकीची शिकवली जाते ती सांगायलाच हवी. गेममध्ये उत्क्रांती शिडीसारखी चढते, साधा जीव, मग पुढचा, मग त्यापुढचा, आणि वर हुशारी. खऱ्या उत्क्रांतीला वर असं काही नसतं, बॅक्टेरिया आजही आपल्याइतकेच यशस्वी आहेत. मुलांना दाखवताना हे सोबत सांगा.

संस्कृती आली की दगडी युग, कांस्ययुग, लोहयुग, औद्योगिक, अणुयुग, माहितीयुग आणि शेवटी नॅनोटेक असा प्रवास. इथे ऊर्जा कुठून घ्यायची हे तुम्ही ठरवता, लाकूडफाटा आणि जनावरं, सूर्य आणि वारा, पाणी, कोळसा-तेल, अणू. आणि मिळालेली ऊर्जा कशात घालायची तेही, तत्त्वज्ञान, विज्ञान, शेती, औषधं, कला. औषधांत कमी घातलं की साथी येतात, तत्त्वज्ञानात कमी घातलं की युद्धं. सगळं विज्ञानात ओतलं की प्रगती झपाट्याने होते आणि मग लोक आपापसात लढून तेवढ्याच झपाट्याने मागे जातात. हा भाग गेममध्ये जरा ढोबळ आहे, माणसांचं जग इतकं सोपं नसतं, पण एक गोष्ट नेमकी पकडलीय, कोळसा-तेलाने प्रगती सगळ्यात सोपी वाटते आणि तिचं बिल नंतर येतं. हवेतला कार्बन वाढतो, बर्फ वितळतो, समुद्र वर येतो आणि किनाऱ्यावरची शहरं पाण्यात जातात.

लक्षात घ्या, हे 1990 चं आहे. त्याच वर्षी आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, पहिला अहवाल आला, त्याआधी ग्लोबल वॉर्मिंग हा शब्द सामान्य घरात क्वचितच ऐकू यायचा. हवाईच्या मौना लोआवर 1958 मध्ये मोजायला सुरुवात झाली तेव्हा कार्बन डायऑक्साइड दहा लाखात 315 भाग होता, कारखान्यांच्या आधी 280, आता 420 च्या वर. दगड झिजून हा कार्बन परत जाईलच, थर्मोस्टॅट तुटलेला नाही, पण तो लाखो वर्षांच्या घड्याळावर चालतो आणि आपण दीडदोनशे वर्षांच्या. गेममध्ये तिसऱ्या टप्प्यातून चौथ्यात जाताना घड्याळ मंद होतं तेव्हा हा फरक अक्षरशः डोळ्यांसमोर येतो, जो ग्राफ आधी कोटी वर्षांत हलत होता तो आता दर वर्षाला हलताना दिसतो.

एक सिनॅरिओ मंगळाचा आहे, तो लोकांना फार ओढतो. बर्फाच्या उल्का पाडून पाणी आणायचं, वाफ करणारी यंत्रं लावायची, मग कार्बन डायऑक्साइड, मग ऑक्सिजन, मग झाडं. गेममध्ये चिकाटी असेल तर जमतं. खऱ्या मंगळावर अडचण मोठी आहे. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या 1 टक्क्याहून कमी आहे, आणि 2018 मध्ये ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की ध्रुवांचा बर्फ, माती, दगड यातला मिळण्यासारखा सगळा कार्बन डायऑक्साइड सोडला तरी दाब काही टक्क्यांपलीकडे जात नाही. बाकीची हवा कधीच अवकाशात उडून गेली, मंगळ लहान आहे, त्याच्याकडे धरून ठेवायची ताकद कमी आणि पृथ्वीसारखं चुंबकीय कवचही नाही. शुक्र त्याच्या उलट, दाब पृथ्वीच्या 90 पट, तापमान 460 अंशांच्या वर. हे दोन शेजारी बघितले की आपली पृथ्वी मधे कशी टिकली हे अजूनच जाणवतं.

गेममध्ये तुमचे हात बांधणारी गोष्ट म्हणजे ऊर्जेचं बजेट, ते ओमेगा नावाच्या एककात मोजतात. प्रत्येक यंत्र, प्रत्येक उल्का, स्लायडर हलवणंसुद्धा फुकट नाही. प्रयोग करायचा मोड आहे त्यात बजेटचं बंधन नसतं आणि शिकायला मी तोच सुचवेन, कारण इथे चुकण्यातूनच कळतं. गाया नावाची एक खिडकी आहे, त्यात ग्रहाला चेहरा काढलाय, ग्रहाचा मूड तिथे दिसतो. आणि एक सोय फार सुंदर आहे, नकाशावरचा डेटा उत्तरेकडून दक्षिणेकडे सुरांमध्ये ऐकता येतो, ध्रुव आणि विषुववृत्त यातला फरक कानाला कळतो.

दोष सांगायचा तर एकच पण मोठा, का झालं ते गेम सांगत नाही. सिमसिटीत रस्ता नाही म्हणून घर रिकामं हे बघून कळतं. इथे बर्फ का आला हे चार खिडक्या उघडून स्वतः शोधावं लागतं आणि बहुतेकांचा धीर तिथे सुटतो. राइट यांनी नंतर मुंग्यांचा सिमअँट केला, 2008 मध्ये स्पोर आला ज्यात एका पेशीपासून अवकाशापर्यंत जाता येतं. स्पोर दिसायला कितीतरी सुंदर, जीव घडवायची मजा वेगळीच, पण ग्रहाचं हे आतलं यंत्र त्यात फार पातळ झालं. मला सिमअर्थची अवघड बाजूच जास्त मोलाची वाटते.

आज खेळायचं असेल तर डॉस या जुन्या सिस्टिमवरचे गेम आजच्या कंप्युटरवर चालवणारे इम्युलेटर मिळतात. सुरुवात डेझीवर्ल्डपासून करा आणि काहीही न करता नुसतं बघा, सूर्य वाढतोय आणि तापमान वाढत नाही हे ग्राफवर दिसेपर्यंत. मग सूर्याचा स्लायडर थोडा वर न्या, थांबा, अजून थोडा, थांबा, कुठे सगळं कोसळतं तो आकडा कागदावर लिहून ठेवा, आणि परत खाली आणताना फुलं कुठे उगवतात तोही. त्यानंतर अॅक्वेरियम घ्या, तिथे फक्त समुद्र असतो आणि जमीन तुम्हाला वर काढायची असते. ग्राफच्या खिडकीत ऑक्सिजनच्या शेजारी कार्बन डायऑक्साइडची रेघ कायम चालू ठेवा. एका वेळी एकच स्लायडर हलवा आणि दुसऱ्याला हात लावण्याआधी पहिल्याचा परिणाम ग्राफवर पूर्ण उमटू द्या. मंगळ सगळ्यात शेवटी.